समासातले पाच खोटे अर्थ

"पाच शब्द पुरेत," कप्तान म्हणाली. "जास्त केले तर त्यांना संशय येईल."

वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर तिघंजण डोक्याला डोकं लावून बसले होते. तेरा वर्षांची कप्तान, तिची दहा वर्षांची धाकटी बहीण मुंगी आणि सुट्टीसाठी आलेला त्यांचा मावसभाऊ शंकासुर. शाळेच्या दाखल्यावर अर्थातच दुसरी नावं होती. पण कप्तान सगळ्यांना कामाला लावायची, मुंगीचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक आणि सरळ चालायचं, आणि शंकासुराला शंका विचारल्याशिवाय अन्न पचत नसे.

"त्यांना म्हणजे जुळ्यांनाच कशावरून?" त्याने आताही विचारलंच. "दुसरंच कुणी असलं तर?"

"दुसरं कोण असणार? स्पर्धेत आपण आहोत आणि ते दोघं आहेत. बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यातच माना टाकल्या."

स्पर्धा वाचनालयाची होती. दीपगृहात वाढणाऱ्या एका मुलीची जुनी, जाडजूड इंग्रजी कादंबरी कुणीतरी मुलांसाठी सोपी करून सव्वाशे पानांत बसवली होती. ती वाचायची, त्यातले नवे शब्द शिकायचे आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ग्रंथपालकाका विचारतील त्या शब्दांचे अर्थ सांगायचे. बक्षीस होतं वर्षभराचं सभासदत्व, एका वेळी तीन पुस्तकं घरी नेण्याच्या मुभेसह. अडचण एकच होती. वाचनालयात त्या पुस्तकाची एकच प्रत होती. ती तिथेच बसून वाचावी लागे, आणि मागची शब्दांची यादी केव्हाच कुणीतरी फाडून नेली होती.

मग कप्तानने युक्ती काढली. रोज सकाळी अडलेले शब्द कागदावर उतरवायचे, घरी बाबांच्या शब्दकोशात त्यांचे अर्थ शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पानाच्या कडेला समासात पेन्सिलीने लिहायचे. लिहायचं काम मुंगीचं. पुस्तकात लिहायला बंदी होती, पण ग्रंथपालकाका वर्तमानपत्र तोंडासमोर धरून डुलक्या घेत, त्यामुळे ती बंदी नुसती भिंतीवरच लटकलेली असे.

आठवडाभराने मुंगीला एक गंमत दिसली. तिने लिहिलेल्या प्रत्येक अर्थाशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. एकही अर्थ सुटला नव्हता. शिवाय एकेचाळिसाव्या पानावर, त्यांनी कंटाळून सोडून दिलेल्या एका शब्दाशेजारी, कुणीतरी छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"बघा, उद्धटपणा तरी किती," कप्तान म्हणाली. "आयती नक्कल करायची आणि वर आपल्यालाच विचारायचं की याचा अर्थ का नाही लिहिला."

म्हणून हा सापळा. पुढच्या पानांवर पाच शब्दांचे मुद्दाम उलटे अर्थ लिहायचे. शनिवारी जुळे तेच ठोकून देतील आणि सगळ्यांसमोर त्यांची फजिती होईल.

'रिलक्टंट' म्हणजे खरं तर मनातून तयार नसलेला, नाखूश. मुंगीने समासात लिहिलं, 'उत्सुक, आनंदाने तयार'. 'शॅबी' म्हणजे कळकट, गबाळं. तिथे तिने लिहिलं, 'नीटनेटकं, टापटिपीचं'. 'फीबल' म्हणजे दुबळं. त्याचं तिने केलं 'दणकट'. आणखी दोन शब्दही असेच फिरवले. लिहिताना तिला हसू आवरत नव्हतं.

दोनच दिवसांत पाचही अर्थांशेजारी ठिपके उमटले. स्पर्धेच्या शनिवारला अजून दहा दिवस होते.

शनिवारी सकाळी वाचनालयात पंचवीस-तीस माणसं जमली होती. काकांनी जुळ्यांना विचारलं, "रिलक्टंट?"

कप्तानने मुंगीला कोपराने ढोसलं.

"नाखूश," दोघं एका सुरात म्हणाले. पुढे 'शॅबी'ही त्यांना बरोबर आला.

शेवटी दोन शब्दांनी कप्तानचीच टोळी जिंकली. टाळ्या वाजल्या, सभासदत्वाचं कार्ड हातात पडलं, पण तिघांचं लक्ष जुळ्यांकडे होतं. बाहेर पडल्यावर कप्तानने त्यांना गाठलंच. "तुम्ही आमच्या अर्थांवर ठिपके का काढायचात?"

"कसले ठिपके?" त्यातला एक म्हणाला. "आम्हाला मामाने अख्खं पुस्तक आणून दिलंय, मागच्या यादीसकट. इथली प्रत आम्ही हातातही घेतली नाही."

घरी येताना शंकासुर फक्त एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं."

कप्तान आणि मुंगीची आई हॉस्पिटलच्या कचेरीत कामाला होती. शनिवारी ती अर्ध्या दिवसाने घरी येई, त्यामुळे दुपारी सगळे एकत्र जेवत. त्या दिवशी ती हसतच पानावर बसली.

"अहो, ऐका तर," ती बाबांना म्हणाली. "आमच्या कापडभांडारात, चादरी-पडदे ठेवतात तिथे, देखरेखीची एक जागा निघाली होती. तिथल्या याद्या, पेट्यांवरच्या चिठ्ठ्या सगळं इंग्रजीत, म्हणून अधीक्षक मॅडमनी अर्जही इंग्रजीतच मागवले. तिथे चादरी शिवणारी एक बाई आहे, सतरा वर्षं पायाने मशीन चालवतेय. तिचाही अर्ज आला. काय लिहावं तिने? 'आय ॲम रिलक्टंट टू वर्क. माय स्टिचिंग इज ऑलवेज शॅबी. माय हँड्स आर फीबल.' म्हणजे काम करायला मी नाखूश आहे, माझी शिवण नेहमी गबाळी असते आणि माझे हात दुबळे आहेत. कचेरीत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. कुणीतरी तो अर्ज फलकावरसुद्धा लावला."

बाबा हसले. मुंगीने हातातला घास ताटात परत ठेवला. तिने कप्तानकडे पाहिलं. कप्तान ताटाकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

"मग तिला जागा मिळाली का?" शंकासुराने हळूच विचारलं.

"छे. तिला मुलाखतीलाही बोलावलं नाही. गुरुवारी दुसरीची नेमणूक झाली."

जेवण झाल्यावर तिघं खोलीचं दार लोटून बसले. शंकासुराला एकही शंका सुचत नव्हती.

"आपण सांगितलं नाही, तर कुणाला कळणार नाही," कप्तान अखेर म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता, आणि बोलून झाल्यावर तिलाच ते आवडलं नसावं, कारण ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"अक्षर माझं आहे," मुंगी म्हणाली आणि रडू लागली.

रविवारी वाचनालय बंद होतं. तो दिवस काही केल्या सरेना. सोमवारी साडेबारा वाजता, हॉस्पिटलची जेवणाची सुट्टी होते तेव्हा, तिघं वर्तमानपत्रं अडकवायच्या लाकडी घोडीआड दबा धरून बसले. पहिल्यांदाच ते दुपारच्या वेळी तिथे आले होते. काका डबा खाण्यात गुंग होते.

एक बाई आत आली. पन्नाशीच्या आसपासची, डाव्या पायावर जरा जपून चालणारी. गळ्यातली मापाची पट्टी काढायची विसरली होती, आणि बाहीला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. तिने कपाटातून पुस्तक काढलं, हात रुमालाला पुसले आणि मग पान उघडलं. एकेका शब्दाखाली बोट ठेवून ती ओठांतल्या ओठांत वाचू लागली. समासातला अर्थ दिसला की तो वहीत उतरवी आणि त्याच्याशेजारी हलकेच एक ठिपका काढी. कुठवर उतरवून झालं ते कळावं म्हणून.

अजून ती तेच करत होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

कप्तान उठणार इतक्यात मुंगीच पुढे झाली. टेबलाजवळ जाऊन तिने हात मागे घट्ट धरले. "मावशी, ते अर्थ मी लिहिलेत."

बाईचा चेहरा उजळला. "तू? अगं, केवढं सुरेख अक्षर! मला वाटलं, कुणी शिक्षिका असतील. तुझ्यामुळे चाळीस वर्षांनी मी पुन्हा वाचायला लागले, माहितेय? एक विचारायचं होतं. ते एकेचाळिसाव्या पानावर…"

"मावशी, त्यातले पाच खोटे आहेत," मुंगी एका दमात म्हणाली. "आम्ही मुद्दाम लिहिले होते. दुसऱ्यांना फसवायला."

मग कप्तान आली, शंकासुर आला, आणि तिघांनी मिळून अडखळत सगळं सांगितलं. कोणते पाच शब्द, त्यांचे खरे अर्थ काय, हेही सांगितलं. बाई ऐकत होती. मध्येच तिने वही उघडून ती पाच ठिकाणं शोधली. प्रत्येक ठिकाणी तिची नजर थोडी थांबली.

"त्या दीपगृहातल्या मुलीचा कोट शॅबी होता, असं पुस्तकात आहे," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, पोर गरीब आहे, पण राहते किती नीटनेटकी. बरं वाटलं होतं ते वाचून." जरा वेळाने ती म्हणाली, "आणि तरीच. कचेरीतल्या मुली मला बघून तोंडावर हात का धरतात, ते मला कळत नव्हतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मुंगीला वाटलं. पण ती रागावली नाही. तिने वही मिटली, पुस्तक कपाटात नेऊन ठेवलं आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आतच निघून गेली.

तिघं तसेच आईच्या कचेरीत पोचले. आईने सगळं ऐकून घेतलं. आधी ती कप्तानवर कडाडणार होती, पण तिची नजर समोरच्या फलकाकडे गेली आणि शब्द तोंडातच राहिले. तिने उठून तो अर्ज काढला, टाचणीची भोकं बोटाने सारखी केली आणि म्हणाली, "मीही हसले. तिला एकदा विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. चला."

अधीक्षक मॅडम करड्या होत्या. मुलांचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं नाही. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण अर्जात जे लिहिलं होतं, त्यावरूनच मी निर्णय घेतला. दुसरं काय करणार?"

"मॅडम, एक शंका आहे," शंकासुर म्हणाला. कप्तानने त्याच्याकडे डोळे वटारले, पण तो थांबला नाही. "अर्जात लिहिलं होतं की शिवण गबाळी असते. तुम्ही त्यांची शिवण बघितली होती का?"

मॅडमच्या पाठीमागे खिडकीला पडदा होता. त्या वळल्या, पडद्याची कड हातात घेतली आणि बराच वेळ ते बारीक, एकसारखे टाके बघत राहिल्या.

"हा तिनेच शिवलाय," आई हळू आवाजात म्हणाली.

"ठाऊक आहे मला," मॅडम म्हणाल्या. "सतरा वर्षांपासून ठाऊक आहे." त्यांनी खुर्चीत बसून चष्मा पुसला. "दिलेली जागा आता काढून घेता येणार नाही. ज्या बाईला ती मिळाली, तिचा यात काही दोष नाही. पुढची जागा निघायला दीड-दोन वर्षं जातील. तेव्हा अर्ज मी स्वतः वाचेन, आणि कामही बघेन. एवढंच मला करता येईल." मग त्या मुलांकडे वळल्या. "तुम्ही गप्प बसला असतात, तर हे कधीच कुणाला कळलं नसतं. इथवर येऊन सांगायला धीर लागतो. तुमचं कौतुक वाटतं मला."

त्याच संध्याकाळी मॅडम स्वतः कापडभांडारात जाऊन आल्या. तिथे त्या काय बोलल्या ते आईलाही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून कचेरीतली थट्टा बंद झाली. वाचनालयात मुलांनी ग्रंथपालकाकांनाही सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिघांची पाठ थोपटली. "पुस्तकात कोण लिहितं, याचा छडा अखेर लागला म्हणायचा," असं ते म्हणाले, आणि ते सगळं आपल्या नाकासमोर चाललं होतं हे लक्षात येऊन जरा ओशाळलेही. बाबांनीही मुलांना जवळ घेतलं. सुट्टीत एवढी शाबासकी त्यांना कधीच मिळाली नव्हती. पण कुणी शाबास म्हटलं की मुंगी तिथून उठून जाई.

सुट्टीचे शेवटचे नऊ दिवस, रविवार सोडून, तिघं रोज साडेबाराला वाचनालयात जाऊन बसत. पहिले तीन दिवस शिवणारी मावशी आलीच नाही. चौथ्या दिवशी ती आली. त्यांना बघून दारात थोडी घुटमळली, मग तिने पुस्तक काढलं आणि त्यांच्याच टेबलाशी, पण पलीकडच्या टोकाला बसली. जवळजवळ पानभर वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

"हार्बर म्हणजे काय गं?"

"बंदर," मुंगी म्हणाली. "जहाजं थांबतात ती जागा." ती घाईने पुढे म्हणाली, "खरंच, मावशी."

"बरं," मावशी म्हणाली. तिने पिशवीतून एक कोराकरकरीत छोटा शब्दकोश काढला. सवय नसल्यामुळे तिला पान लवकर सापडेना. तिघं श्वास रोखून बघत होते, पण मदत करायला कुणाचाच हात पुढे झाला नाही. अखेर तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बंदर," तिने वाचलं. "बरोबर आहे तुझं."

मग तिने तो शब्द वहीत लिहिला आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.