चाळीस उबदार खुर्च्या

सेंट पीटर्सबर्गमध्ये त्या वर्षी श्रीमंतांच्या घरातल्या खुर्च्यांना घाम यायचा. सकाळी उठून त्या ओल्या फडक्याने पुसून घ्याव्या लागत, नाहीतर दुपारपर्यंत दिवाणखान्यात आंबूस वास सुटायचा. फडकं गार असलं की बैठकीवर बारीक काटा उभा राहायचा. तेवढं दाखवायला लोक मुद्दाम पाहुणे बोलावत.

खुर्च्यांवरच्या या जिवंत कापडाला निलांबरी आपल्यापुरतं ‘तनुवस्त्र’ म्हणायची. करायची रीत तशी सोपी. माणसाच्या कातडीचा मोहरीएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करून तागाच्या विरळ जाळीवर पेरायच्या आणि जाळीतून साखर-क्षारांचं कोमट पाणी खेळवत ठेवायचं. पेशी जाळी धरून वाढतात, एकमेकींना चिकटतात, आणि दोन महिन्यांत हातभर जिवंत कातडी तयार होते. तिला मेंदू नाही, म्हणून दुःखही नाही, असं माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापलेलं असे.

रशियन डिझाइनरांनी हे कापड उचललं ते उबेसाठी. काच आणि काँक्रीटला कंटाळून ते आधीच उत्तरेकडच्या खेड्यांतल्या जुन्या गोष्टींकडे वळले होते: लाकडी भांडी, लोकरीचे नमदे, वलोग्दाची लेस. त्यात आता कातडीची भर पडली. निलांबरीचं काम लेसचं. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली ही मुलगी कापडाचं शिकायला इथवर आली आणि नदीकाठच्या एका जुन्या गिरणीतल्या स्टुडिओत रक्तवाहिन्यांची नक्षी काढू लागली. तिने आखलेल्या रेषांवरून खुर्चीच्या निळ्या शिरा वलोग्दाच्या लेससारख्या वळायच्या. कागदावर ती नक्षी फार देखणी दिसे. खुर्चीवर ती पहिल्यांदा थडथड उडताना पाहिली, तेव्हा निलांबरी बाथरूमकडे धावली होती.

कारण ती कातडी तिचीच होती. ज्याची नक्षी त्याचीच कातडी, हा स्टुडिओचा शिरस्ता. मालकीण झोया आर्कादियेव्हना त्याला ‘सही’ म्हणायची. मुलीच्या, रेवाच्या वेळी सिझेरियन झालं, तेव्हा टाक्यांपाशी डॉक्टरांनी तो तुकडा घेतला. एका हाताला सलाईन, दुसऱ्या कुशीत रेवा, अशा अवस्थेत निलांबरीने संमतीच्या कागदावर सही केली होती.

नियमाप्रमाणे नमुन्याची एक खुर्ची घरी वापरून बघायची होती. बाळंतपणाला आलेल्या सासूबाई रोज तिच्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

“नीलू, धारेची वेळ झाली बघ हिची. ही खुर्ची आहे का म्हैस? आणि वैरण कसली, तर साखर!”

“हसू नका हो आई. मला मळमळतंय.”

“तुझीच कातडी ना गं?”

“म्हणून तर.”

त्या सकाळी रेवा किरकिरत होती. चार महिन्यांचा जीव, अंगावर घेतलं तरी राहीना. सासूबाईंनी तिला क्षणभर खुर्चीत टेकवलं. रेवाने गाल बैठकीला लावला, मूठ उघडली आणि गप्प झाली. मग तिने जीभ बाहेर काढून ती ओलसर कातडी चाटली. खारट लागली असावी. ती चक्क हसली.

निलांबरीने तिला खेचूनच उचललं. ओठ पुसले, गाल पुसला, पुन्हा ओठ पुसले. रेवा खुर्चीकडे हात करून रडत राहिली.

“बास,” निलांबरी म्हणाली. “मी ही बंद करायला लावते.”

तसा तिला हक्क होता. खुर्च्यांचं प्रदर्शन उघडेपर्यंत पेशी देणाऱ्याला संमती मागे घेता येत असे. मग त्या पेशींपासून केलेलं सगळं नष्ट करावं लागे. आणि प्रदर्शन परवावर आलं होतं.

स्टुडिओत चाळीस खुर्च्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पायाशी नळी, सगळ्या नळ्या एका तोटीला जोडलेल्या. जीवशास्त्रज्ञ ग्लेब बरीसोविच हातात कागद घेऊन तिचीच वाट पाहत होता.

“बरं झालं आलात. खुर्च्या परदेशी पाठवायच्या तर जनुकांचा दाखला लागतो. एक घोळ झालाय. तुम्हाला मुलगीच झाली ना?”

“हो. का?”

“मग हा मुलगा कोण?”

“कुठला मुलगा?”

“कापडातला. पेशी पुरुषाच्या आहेत. निम्मी जनुकं तुमची, निम्मी दुसऱ्या कुणाची.”

निलांबरीने त्याच्या हातातला कागद घेतला. तिला नीट कळलं नसावं असं वाटून ग्लेब समजावू लागला. “पोटात मूल असताना त्याच्या थोड्या पेशी नाळेतून आईच्या रक्तात उतरतात. मूल बाहेर आलं तरी त्या आत राहतात, वर्षानुवर्षं. आईला जखम झाली की तिथे गोळा होतात, जखम भरायला हातभार लावतात. तुमच्या टाक्यांपाशी त्या आल्या असणार. सगळ्या नमुन्यांत त्या इतक्या नव्हत्या. पण झोया आर्कादियेव्हना नमुना कसा निवडतात ठाऊक आहे ना? त्या तुकड्यातून वाढवलेले बारा नमुने मांडायचे, डोळे मिटून बोटं फिरवायची. जो सगळ्यांत मऊ लागला, तो त्यांनी घेतला.”

तीन वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. इथे कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तिला दाखवू नका, असं सासूबाईंनी नर्सला सांगितलं होतं, आणि तिनेही बघायचं धाडस केलं नव्हतं.

“ग्लेब बरीसोविच, त्याला… यांना काही कळतं का?”

“छे. कळायला मेंदू लागतो. ऊब मिळाली की पेशी तिकडे सरकतात, एवढंच.”

झोया आर्कादियेव्हना कधी मागे येऊन उभी राहिली, दोघांनाही समजलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. तिने निलांबरीचे खांदे धरले. “माझ्या लाडके! किती भयंकर. आणि किती सुंदर! हे माहितीपत्रकात घालूया का?”

“मी संमती मागे घ्यायला आलेय,” निलांबरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“तुझी संमती तुझ्या पेशींपुरती. या तुझ्या नाहीत. कायद्याने या कुणाच्याच नाहीत, कारण तो कधी कुणी झालाच नाही. पण मी राक्षसीण नाही. तोटी तिथे आहे, बंद कर. दोन तासांत सगळ्या गार पडतील. मी अडवणार नाही.”

निलांबरी तोटीपाशी गेली. एक हात तोटीवर ठेवला आणि तोल सावरायला दुसरा जवळच्या खुर्चीवर. तिचे हात बर्फासारखे झाले होते. तळव्याखाली कातडी आक्रसली आणि मग हळूहळू ऊन होत तिच्या बोटांना लागली. तोच आंबूस वास आला. ती तिथेच वाकून ओकली. किळस जराही कमी झाली नव्हती. माया त्या किळसेच्या शेजारीच बसली होती.

तिने हात पुसला. तोटीतलं पाणी बेताचंच कोमट होतं. तिने त्याची ऊब थोडी वाढवली.

घरी सासूबाईंनी विचारलं, “केलंस का बंद?”

“नाही.”

“अगं, पण का?”

निलांबरीने सांगितलं. सासूबाई पदर तोंडावर धरून खाली बसल्या. मग उठल्या, नमुन्याच्या खुर्चीपाशी गेल्या आणि बोट पुढे केलं. पण लावलं नाही.

प्रदर्शनाला रांग लागली. सगळ्या खुर्च्या पहिल्या तासातच विकल्या गेल्या: मॉस्को, दुबई, मिलान, टोकियो. मॉस्कोचा एक धिप्पाड गृहस्थ धप्पकन बसला, तशी निलांबरी पुढे झाली.

“जरा हळू बसा.”

“का? मोडेल?”

“नाही. नीट सांभाळलं तर सत्तर वर्षं राहील. तुमच्या मागेसुद्धा.”

त्याला ते फार आवडलं. त्याने खुर्चीचा हात कौतुकाने थोपटला. बोटांना काहीतरी ओलं लागलं तसं तोंड वाकडं केलं, खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट नीट पुसून घेतलं.