दोनचे ठोके दोनदा

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो लुदोविक इथे दक्षिण फ्रान्समध्ये, काओर गावात दातांच्या कवळ्या बनवतो. त्याला गोष्टी रचता येत नाहीत. शाळेत तो निबंधात नापास व्हायचा.

आणि ती अमावस्या नव्हती, मध्यरात्रही नव्हती.

जूनमधला मंगळवार. दुपारचे दोन. टळटळीत ऊन.

भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचू नये. उगाच दुपारची झोप जाईल.

लुदोविक नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याला ओदेतमावशीने वाढवलं. तिने लग्न केलं नाही, कारण होणाऱ्या नवऱ्याने साखरपुड्याला कोंबडी कोरडी शिजवली होती. लुदोविकवर तिचा फार जीव. तो जीव ती तक्रारींतून दाखवायची. दिवसाला साधारण दोनशे.

त्या दिवशी ती चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. टेकड्यांवरची तीन गावं एका दिवसात बघायची, असा तिचा हट्ट होता.

पहिलं गाव मोंतरेज. गाडी खाली लावून दोघं अर्धा तास चढले. बेकरीवर पाटी, मंगळवारी बंद. चर्चला कुलूप. कुंभाराच्या दुकानावर ‘पाच मिनिटांत येतो’ अशी चिठ्ठी, उन्हाने पिवळी पडलेली.

"दरी तरी बघ," लुदोविक म्हणाला.

"दरी आपल्या बाल्कनीतूनही दिसते. आणि तिथे खुर्ची आहे."

दुसरं गाव साँ-फोर्तुने. खाणावळ सापडली. मालक टेबलं पुसत होता.

"स्वयंपाकघर दीडला बंद होतं."

"आता एक पस्तीस झालेत," लुदोविक म्हणाला.

"मीही तेच म्हणतोय."

"त्या पातेल्यातून वाफ येतेय."

"ते माझं आहे," मालक म्हणाला आणि आत जेवायला गेला.

गाडीत मावशी सुरू झाली. "मी म्हटलं होतं, आधी इथे येऊ."

"तू म्हटलं होतंस, कुठेच नको."

"तेही म्हटलं होतं. तू ऐकतोस कुठे."

गाडीची काच अडकलेली. पोटात कावळे. लुदोविकच्या मनात आलं, ही बाई पाच मिनिटं गप्प बसली तर मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.

हे वाक्य त्याला अजून शब्दन् शब्द आठवतं.

तिसरं गाव रोक-सेर्वाल. इथे गाडी थेट वरच्या चौकापर्यंत गेली. चौकात एक कारंजं, एक झाड आणि बाकावर वाटाणे सोलत बसलेला एक म्हातारा.

घड्याळाच्या मनोऱ्यावर दोन वाजले.

टण... टण...

आमच्याकडे खेड्यांत प्रत्येक तास दोनदा वाजतो. एकदा वाजतो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तितकेच ठोके. शेतातल्या माणसाची मोजणी चुकली, तर दुसऱ्या वेळी मोजता यावी म्हणून. पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेलो, त्यामुळे कोणी लक्ष देत नाही.

लुदोविकनेही दिलं नाही.

कारण समोर... एक दार उघडं होतं.

आत टेबलावर चौकड्यांचं कापड. गरम सुपाचा वास. दाराबाहेर पाटीवर खडूने लिहिलेलं, ‘जेवण चालू आहे’.

दुपारी दोन वाजता.

खरं तर आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाने इथेच पाठ फिरवून पळायला हवं होतं. दोन वाजता खेड्यात जेवण वाढणारा माणूस जिवंत असूच शकत नाही. पण भुकेपुढे अक्कल चालत नाही.

मावशी मात्र दारातच थांबली.

"ओलसर वास येतोय. आत कोणी दिसत नाही. आणि जूनमध्ये गरम सूप कोण करतं?"

"मावशी, आत जा."

"खुर्च्या बघ कशा आहेत."

"एकदाची आत जा ना. मी गाडी सावलीत लावून येतो."

आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. ढकललं असं नाही. पण थोडं ढकललंच.

मावशी बडबडत आत गेली. तिची बडबड त्याला ऐकू येत होती...

मग येईनाशी झाली.

तो गाडीकडे चालू लागला. दहा पावलांवर त्याच्या लक्षात आलं...

पावलांचा आवाज होत नव्हता.

कारंज्यातून पाणी पडत होतं. आवाज नव्हता. छपरावर कबुतराने चोच उघडली. आवाज नव्हता. म्हाताऱ्याचे हात अर्ध्या सोललेल्या शेंगेवर थांबलेले, नजर जमिनीवर.

लुदोविकने टाळी वाजवली. तळवे झणझणले.

ऐकू काहीच आलं नाही.

आणि मग...

टण... टण...

पाणी खळखळलं. वाटाणा भांड्यात पडला.

लुदोविकने मागे बघितलं. दार बंद होतं. कुलूप गंजलेलं. आणि दारावर आडवी वेल, मनगटाएवढी जाड.

तो धावत गेला, दारावर मुठी आपटल्या.

"तिथे काही नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या आजीच्या वेळी खाणावळ होती."

"अहो, माझी मावशी आत्ता आत गेलीय."

"पहिल्या ठोक्यांनंतर?"

"हो."

म्हाताऱ्याने भांडं खाली ठेवलं. "दुसरे ठोके पडेपर्यंत आम्ही इथे कुठलाच उंबरा ओलांडत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे? किती जण आहात तुम्ही?"

"मी."

लुदोविक दगड शोधायला वळला, कुलूप फोडायला.

"लुदो."

गल्लीतून मावशी येत होती. रुमालाने ओठ टिपत.

"कुठे होतीस तू? जेवलीस?"

"हो," ती म्हणाली. "छान होतं."

छान.

पंचवीस वर्षांत हा शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकला नव्हता. भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला.

परतताना त्याने मुद्दाम दोनदा रस्ता चुकवला.

"नवीन रस्ता दिसला, बरं झालं," ती म्हणाली.

रात्री त्याने करपलेलं, बिनमिठाचं ऑम्लेट समोर ठेवलं. तिने सगळं संपवलं आणि आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने तासभर तपासलं. प्रकृती उत्तम.

"पण यांची तक्रार काय आहे?"

"तक्रारच नाही हो," लुदोविक म्हणाला. डॉक्टरने त्यालाच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्या मंगळवारी तो एकटाच रोक-सेर्वालला गेला. दोनला पाच कमी असतानाच त्या बंद दाराला कान लावून उभा राहिला.

टण... टण...

कारंजं गप्प झालं. कबुतरं गप्प.

आणि त्या शांततेत, दाराच्या आतून...

"...याला सूप म्हणतात? ह्यात पाय धुतलेत कोणी."

लुदोविकने तोंड दाराच्या फटीला लावलं.

"मावशी. मी लुदो. दार कसं उघडायचं? आतून कडी आहे का?"

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही. आतून मात्र उत्तर आलं.

"लुदो? गाडी लावायला एवढा वेळ? केस कापलेस की नाही?"

"मावशी, कडी."

"मध्ये बोलू नकोस. आधी ऐक. ही खुर्ची..."

"फक्त हो की नाही एवढंच सांग."

"सांगतेय ना. तर खुर्चीचा एक पाय आखूड. मी त्या बाईला म्हटलं, पाय आखूड आहे. ती नुसती बघते. डोळे बघ तिचे, मिटतच नाहीत. आणि रुमाल..."

टण... टण...

पाणी खळखळलं. आत शांत.

तेव्हापासून तो दर मंगळवारी जातो. एकोणीस मंगळवार झाले. त्याला दोन मिनिटं मिळतात, आणि त्या दोन मिनिटांत ओदेतमावशीला कोणी मध्ये थांबवू शकलेलं नाही. आतापर्यंत सूप, खुर्ची, रुमाल, पडदे आणि वाढणाऱ्या बाईचे डोळे एवढं झालंय. दाराचा विषय अजून निघालेला नाही.

घरी जी आहे, ती त्याची वाट बघत टेबलाशी बसलेली असते. हात मांडीवर. कुठे जातोस, असं तिने कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी तो उशिरा परतला. तिने त्याचं ताट वाढलं. समोर बसली. हसली.

"आज कुठपर्यंत पोचली ती?" तिने विचारलं.