उसने कान

“अहो, ऐकता का जरा?”

दुकानाच्या दारात मी पुतळ्याच्या अंगावर कुणाचा तरी कोट टाचत होते. तोंडात सहा टाचण्या होत्या, म्हणून गप्प राहिले. नाहीतर सांगितलं असतं, की ही हाक लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायका आपापल्या नवऱ्याला मारतात. परक्या पुरुषाने परक्या बाईला मारायची नसते. आणि एवढ्या मोठ्याने तर नाहीच.

वळून पाहिलं. उंच, चष्मा, शर्टाचं वरून दुसरं बटण गायब. कपडे उसवून-शिवून देणाऱ्या बाईला माणसाआधी त्याचं बटण दिसतं, त्याला इलाज नाही.

“तुमचे कान… चांगले आहेत का?” त्याने विचारलं.

टाचण्या काढून मी म्हटलं, “लोक सहसा डोळ्यांपासून सुरुवात करतात.”

तो लाजला आणि मग घाईघाईने सगळं सांगून मोकळा झाला. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून, कान तपासायचं नवं केंद्र उघडलं होतं. ते त्याचं. मशीनमधून बारीक बारीक आवाज निघतात, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. पण रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, मशीन नीट चाललंय ना हे एखाद्या चांगल्या कानाने ऐकून बघावं लागतं. ते काम करणाऱ्या सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या. आणि त्याचा स्वतःचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता.

“म्हणजे कानवाल्यालाच ऐकू येत नाही?”

“अर्धं येतं,” तो म्हणाला. “उरलेल्या अर्ध्यासाठी तुमच्याकडे आलोय.”

खरं तर मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी मला नसलेले आवाज ऐकू यायचे. एका दुपारी स्टेशनवरचं तिकिटाचं यंत्र माझ्याबद्दल वाईटसाईट बोलताना मी अगदी स्पष्ट ऐकलं, आणि त्याच्याशी भांडले. बारा मिनिटं. नेमकी वेळ ठाऊक आहे, कारण कुणीतरी व्हिडिओ काढला, मागे कार्टूनचं संगीत लावलं आणि दिला सोडून. मग त्याचे स्टिकर झाले. बँकेचा फोन लागत नाही, पाठव मशीनवाली बाई. बायकोशी वाजलं, पाठव मशीनवाली बाई. खाली लिहिलेलं असायचं, ‘हिला आधी बांधा’. माझ्या मामेभावाने तो घरच्या ग्रुपवरही टाकला होता. त्या वेड्यावाकड्या चेहऱ्यात ही कोण ते त्यालाही ओळखू आलं नव्हतं.

मी बरी झाले. डॉक्टर चांगल्या भेटल्या, गोळ्या लागू पडल्या. गोळ्यांनी वर दहा किलो वजनही दिलं, त्यात मी केस कापले, त्यामुळे रस्त्यात कुणी ओळखायचं नाही. गोळ्यांचे तेही उपकारच. एक सवय मात्र राहिली. कुठे काही वाजलं की मी मावशीला विचारायचे, “ऐकू आलं ना?” आणि मावशी पायाखालचं मशीन न थांबवता म्हणायची, “आलं गं.” दुकान मावशीचं आणि माझा धीरही तिच्याकडूनच आलेला.

जगात एवढे कान पडलेत, आणि हा माणूस नेमके माझे उसने मागत होता.

“जा गं,” मावशी आतून म्हणाली. “दहा मिनिटांत काही कान झिजत नाहीत.”

कान तपासायची ती पेटी म्हणजे मऊ भिंतींची एक लहानशी खोली होती. एक खुर्ची, एक काच, काचेपलीकडे तो आणि त्याचं मशीन. दार लागलं की बाहेरचं सगळं बंद. त्याने माझे केस कानामागे सारले आणि हेडफोन बसवला, कुणाची तरी काचेची वस्तू ठेवावी तसा जपून. लाल उजवीकडे, निळा डावीकडे.

मग… खूप लांबून काहीतरी आलं. आलं का? मी थांबले. पुन्हा आलं. मी बटण दाबलं आणि लगेच काचेतून विचारलं, “खरंच होता ना?”

त्याने मान हलवली. होता.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी जिन्यात उगाचच हसत होते.

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरात मावशीने विचारणंच सोडून दिलं. हेडफोनमध्ये दोन आवाजांच्या मधे तो माइकवरून बोलायचा.

“आज उशीर झाला तुम्हाला.”

“चार मिनिटं. मोजता वाटतं?”

“मोजणं हाच धंदा आहे माझा.”

“मग शर्टाची बटणं मोजा. आज परत एक कमी आहे.”

ते बटण मी तिथेच बाहेरच्या खुर्चीवर बसून लावून दिलं, शर्ट त्याच्या अंगावरच असताना. दोरा तोडायला वाकले तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता, आणि माझाही काही फार चालू नव्हता. पुढच्या आठवड्यात दुसरं बटण तुटलं. मग कॉलरचं.

“तुटतायत,” मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली, “की कुणी तोडतंय?”

मी सुखात होते, आणि म्हणूनच घाबरलेली होते. रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे. त्याने स्टिकर पाहिला असेल? कधी कुणाला पाठवला असेल? हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि विचारलं तर आहे तेही जाईल अशी भीती होती.

एक्केचाळिसाव्या सकाळी मी बाहेरच्या खुर्चीत त्याच्या कोटाचं बटण लावत बसले होते. तेवढ्यात गणवेशातला एक बसड्रायव्हर बायकोला घेऊन आला.

“साहेब, हिचे कान साफ करून द्या,” तो म्हणाला. “हिला आवाज ऐकू येतात. चार दिवस झाले, गोळ्या बंद केल्यात. हे बघा.”

त्याने मोबाइल पुढे केला. पांढरा कोट घातलेला कुणीतरी ठासून सांगत होता, की हा आजार मेंदूचा नाहीच, कानात साठलेल्या मळाचा आहे. गोळ्यांनी माणूस वेडा होतो. गोळ्या फेका, आमचे थेंब घाला, अकरा दिवसांत आराम. मग ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘आधी’ सुरू झालं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. तिकिटाच्या यंत्राशी भांडणारा. सुई बोटात गेली.

“ही ‘नंतर’ची बाई वेगळी आहे,” कानवाला म्हणाला. तो चेहरे विसरतो, कान नाही. “हिच्या कानाची पाळी चिकटलेली आहे. पहिलीची बघा, सुटी आहे, आणि मागे…”

त्याने चित्र मोठं केलं आणि तिथेच थांबला. त्या पाळीमागे तीळ आहे. एक्केचाळीस सकाळी त्याने तिथले केस बाजूला सारले होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

“व्हिडिओ खोटा आहे,” तो म्हणाला. “कानाचा आणि याचा काही संबंध नाही. गोळ्या अशा मनाने बंद करू नका.”

“तुम्ही असंच म्हणणार. पण ती बाई बरी झाली ना? लाखो लोकांनी बघितलंय. सगळे काय मूर्ख आहेत?”

त्याची बायको पर्सचा पट्टा पिळत छताच्या एका कोपऱ्याकडे बघत होती. तिथे काहीच नव्हतं. ती ऐकत होती. ते ऐकणं मी ओळखते.

कानवाला माझं नाव घेणार नव्हता, याची मला खात्री होती. मी उठून निघून गेले असते तर त्याने जन्मभर विषय काढला नसता. मी गाठ मारली, दोरा तोडला.

“ती बाई मी आहे,” मी म्हणाले.

ड्रायव्हरला वाटलं मी चेष्टा करतेय. मी केस मागे घेऊन तीळ दाखवला.

“मी बरी आहे हे खरं. पण कानात थेंब मी कधी घातले नाहीत. तो व्हिडिओ माझा आहे, हे मला विचारायलाही कुणी आलं नाही. मला गोळ्यांनी बरं वाटलं, आणि डॉक्टरांनी. आजही घेते.”

मग त्याची बायको हळूच म्हणाली, “गोळ्यांनी झोप फार येते हो.”

“मलाही यायची. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी बदलून दिल्या. तुम्ही सांगितलंत?”

तिने मान हलवली. नाही.

“सांगायचं असतं ते. त्या रागवत नाहीत.”

“मी कामावरून येतो तेव्हा ही झोपलेलीच असते,” ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला होता. “दिवस दिवस बोलणं होत नाही. मला वाटलं, गोळ्या सुटल्या तर निदान… बोलेल माझ्याशी.”

तिने पट्टा सोडला आणि त्याच्या बाहीला धरलं. त्याने तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळची वेळ मिळाली. तो फोन ठेवायच्या आत मी दुकानात पोचले होते.

पुढचे दोन दिवस मी पेटीकडे फिरकले नाही. तो मला टाकून देईल असं वाटत नव्हतं. भीती वेगळीच होती. तो आता माझ्याशी हळू आवाजात बोलेल, आजारी माणसाशी लोक बोलतात तसं. त्यापेक्षा न बोललेलं बरं.

तिसऱ्या सकाळी तो दारात उभा राहिला आणि ओरडला.

“दोन दिवस मशीन बंद आहे माझं! नऊ पेशंट परत पाठवले. दहा मिनिटांचं काम आहे, येत नाही म्हणून सांगायचं तरी!”

हळू आवाज गेला खड्ड्यात. तो चांगला चिडलेला होता, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

“ज्या कानांना नसलेलं ऐकू यायचं,” मी म्हणाले, “त्यांच्यावर मशीन पारखणार तुम्ही?”

त्याने हातातली फाइल मावशीच्या कापायच्या टेबलावर उघडली. रोजचा एक कागद, असे एक्केचाळीस.

“मी मधेमधे आवाज पाठवतच नाही,” तो म्हणाला. “नुसता थांबतो. मुद्दाम. वाट बघून बघून माणूस दाबतोच. सिस्टर आठवड्यातून तीनदा दाबायच्या. माझी आई तर सारखीच दाबते, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. हा शेवटचा रकाना त्याचाच, आवाज नसताना दाबल्याचा. वाचा.”

मी वाचला. शून्य, शून्य, शून्य. सगळे कागद उलटले. एक्केचाळीस वेळा शून्य.

“इतके भरवशाचे कान मी आजवर पाहिले नाहीत,” तो म्हणाला. “आणि तो स्टिकर मला आला होता. मी पाठवला नाही कुणाला, पण हसलो होतो. ते तुम्हाला माहीत असायला हवं. मला त्याची लाज वाटते.”

मला रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते सुटल्याचं रडू होतं. मावशीने कुणाच्या तरी पॅन्टचं कापड पुढे केलं. मी नाक पुसलं, मावशीची कात्री हातात तशीच घेऊन त्याच्यामागे निघाले.

पेटीचं दार लागलं. लाल उजवीकडे, निळा डावीकडे. केस सारताना त्याचं बोट तिळापाशी थोडं रेंगाळलं. आवाज आले, मी दाबत गेले. मग तो थांबला. खूप वेळ काहीच आलं नाही. मी दाबलं नाही. तो माइकवर इतका वाकला होता की त्याचे ओठ दिसत नव्हते.

“बटणं मीच तोडत होतो,” कानात आलं. “तुम्ही मला… तू मला आवडतेस. फार.”

विचारायला मावशी नव्हती. चार मऊ भिंती होत्या, आणि मी.

मी बटण दाबलं.

त्याच्या बाजूचा दिवा लागला तसं त्याने वर पाहिलं. मी अजून दाबूनच धरलं होतं. तो धावत आला आणि दार उघडलं. बाहेर धो धो पाऊस पडत होता, मला पत्ताच नव्हता. आणि दारात मावशी उभी होती, तिची कात्री न्यायला आलेली.

मी तिला काही विचारलं नव्हतं.

“आलं गं,” ती कात्री घेत म्हणाली. “अर्ध्याच कानाचा माणूस, बोलतो केवढ्याने. सगळ्या मजल्याला ऐकू आलं.”