बशीतला घोट

भाकरीचा कुस्करा बिनबोभाट पोटात जातो आणि साध्या पाण्याने मात्र ठसका लागतो, हे कसं काय? दहा वर्षांची ईश्वरी दोन दिवस याच कोड्यात अडकली होती. आणि कोडं काही गमतीचं नव्हतं बरं. पक्षाघाताने तिच्या आजोबांचं बोलणं गेलं, गिळणं बिघडलं. महिनाभरापूर्वी ते २०६१ सालच्या त्या चकचकीत शुश्रूषागृहात आले, तेव्हापासून चहा मिळे तो लापशीसारखा दाट. आता ते तोंडच उघडेनात. आज संध्याकाळपर्यंत काही प्यायले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागणार होती.

"पाणी तर सगळ्यात सोपं असतं ना?" तिने केरकर मावशींना विचारलं. मावशी तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञ (बोलण्या-गिळण्यावर उपचार करणाऱ्या) होत्या.

"सोपं कसलं, भारी चपळ असतं ते."

मावशींनी खूण केली, तसा घोटक्या नावाचा रोबोट पुढे आला. त्याच्या पडद्यावर ईश्वरीला स्वतःचाच घसा आतून दिसला.

"मागची ती अन्ननलिका," मावशी म्हणाल्या. " पुढची श्वासनलिका (हवा फुप्फुसात नेणारी नळी). आता आवंढा गीळ."

तिने गिळला. पुढच्या नळीवर झाकण झटकन पडलं.

"आजोबांचं झाकण उशिरा पडतं. दाट घास सावकाश येतो, तोवर ते पडलेलं असतं. पाणी मात्र आधीच आत घुसतं. हनुवटी खाली ठेवली तर आजोबांच्या श्वासनलिकेची वाट अरुंद होते. पण ऐकतील तर शपथ!"

ईश्वरीने आजोबांचा चोचीचा पेला उचलून रिकामाच तोंडाला लावला. मान आपोआप मागे गेली.

"मावशी, हा पेलाच मान वर करायला लावतो. आणि आजोबा घरी कपाने पीतच नाहीत. बशीत ओतून, वाकून पितात."

मावशींनी तो पेला बाजूला ठेवला. "महिना झाला, आणि मी हे विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

बशी आली. मावशींनी चहा थोडाच पातळ केला आणि बशीत दोन चमचेच ओतला. घोटक्याने आजोबांच्या घशावर पडदा रोखला. बशी पाहताच आजोबांचा डावा हात पुढे आला. मावशींनी खालून आधार दिला. मान वाकली. घोट गेला.

झाकण वेळेवर पडलं. ईश्वरी ठसक्याची वाट पाहत राहिली. तो आलाच नाही. तिला रडूच आलं.

"सगळ्यांना हे चालेलच असं नाही हं," मावशी म्हणाल्या. "ज्याचा त्याचा घसा आधी तपासायचा. पण आज नळी नको. उद्या चहा आणखी जरा पातळ करून बघू."

आजोबांचे ओठ हलले. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांचा शब्द ऐकू आला.

"साखर... कमी."

मावशी हसत हसत नोंद करू लागल्या. ईश्वरी तोवर शेजारच्या खाटेपाशी पोचली होती.

"आजी, तुम्ही घरी चहा कशातून प्यायचात?"