सुक्या काडीचे पाहुणे

"चोर!"

दानम्मानं फुलांची परडी छातीशी धरली. गुलाबाच्या झुडपाखाली एक तरुण गुडघे टेकून बसला होता. धोतराला माती, टोपी तिरकी, हातात वही... आणि वर पानांच्या कडा गोल गोल कातरलेल्या!

"माझ्या गुलाबाची पानं कापता व्हय?"

"मी? अहो, हळू बोला. चोर आता येईलच."

"चोर तर समोर बसलाय की!"

तेवढ्यात मधमाशीसारखी एक करडी माशी आली. पानाच्या कडेला बसून तिनं गोल तुकडा कापला आणि पोटाशी धरून उडाली. दानम्मा बघतच राहिली.

"पिल्लांना गुंडाळायला नेते ती," तो म्हणाला. "एकटीच राहते. पोळं नाही, राणी नाही. मी बसवराज, मुनिसिपालटीच्या शाळेत मास्तर आहे. फाटक उघडं दिसलं..."

"म्हणजे चोरच!" ती म्हणाली आणि हसली.

मग शाळा सुटली की तो रोज येऊ लागला. दानम्माचे वडील शिवलिंगप्पा देवळासाठी फुलं लावत. एकही फूल न तोडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

दानम्मा माश्या ओळखायला शिकली. कुणाच्या पायाला पराग लागतो, कुणाच्या पोटाला... बसवराजचा नियम एकच – घाईनं नाव द्यायचं नाही, आधी नीट पाहायचं.

"मग मला काय नाव द्याल, मास्तर?"

"अजून पाहतोय की."

एका संध्याकाळी त्यानं तुळशीची सुकी काडी दाखवली. निळ्या पट्ट्यांच्या पाच माश्या तोंडानं काडी धरून झोपल्या होत्या.

"हे नर. यांना घर नसतं. दिवस मावळला की रोज याच काडीला येतात."

"रोज?"

"काडी असेपर्यंत," तो म्हणाला. पण तो काडीकडे पाहतच नव्हता...

आश्विनात अक्कलकोटच्या स्थळाचा निरोप आला. पाहुणे सोमवारी यायचे होते. दानम्मानं सांगितलं तेव्हा बसवराजनं हळूच वही मिटली.

"चांगलं घर असेल. माझी तर एक भाड्याची खोली..."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही.

रविवारी शिवलिंगप्पा विळा घेऊन बाग साफ करत होते. त्यांनी तुळशीची काडी धरली.

"अप्पा, नको!"

"वाळलीय की पोरी. उद्या पाहुणे काय म्हणतील?"

"संध्याकाळी येणाऱ्याला ती दिसली नाही, तर... तो कुठं जाईल, अप्पा?"

तिचे डोळे भरले होते. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग काडीकडे. ऊन उतरलं तशी एक निळी माशी आली, काडी धरून गप्प झाली. मग दुसरी. अप्पा तिथंच बसून पाहत राहिले. त्यांनी मान वर केली, तर फाटकाबाहेर बसवराज उभा, आत यावं की नाही अशा विचारात.

"मास्तर, बाहेर का उभे? तुमची काडी कुणी तोडली न्हाई. येऊ नका म्हणून अक्कलकोटला मी आजच निरोप धाडतो." विळा खांद्याला लावून ते मुद्दाम लांबच्या वाफ्याकडे गेले.

दानम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पाहून झालं का, मास्तर? नाव ठरलं?"

"ठरलं." त्यानं तिरकी टोपी सरळ केली. "लग्नात लोक नाव बदलतात... तुमचं दानम्माच राहू दे. आडनाव तेवढं माझं घ्याल?"

काडीवर तिसरी माशी येऊन बसली. दानम्मा हळूच म्हणाली –

"व्हय की."