मागच्या रांगेतला आवाज

"श्श...!" मी मागे वळून जरा रागानेच म्हणाले.

चिंचवडच्या थिएटरात तो जुना इंग्रजी सिनेमा पुन्हा लागला होता—तुरुंगात जन्म काढणाऱ्या दोन मित्रांचा. लॅपटॉपवर मी तो कितीदा तरी पाहिला होता. मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच बघत होते, आणि मागे कुणीतरी सारखं कुजबुजत होतं.

"सॉरी हं," मागचा मुलगा ओशाळला. "आप्पांना इंग्रजी येत नाही... मी मराठीत सांगतोय."

शेजारी त्याचे वडील. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नजर पडद्यावर खिळलेली. मी निमूट पुढे वळले. कान मात्र मागेच राहिले.

"आता बघा आप्पा, हसतोय... पण आतून घाबरलाय तो."

हे तर सबटायटलमध्ये कुठेच नव्हतं!

मध्यंतरात मी त्याला गाठलंच. "तुम्ही मधेमधे तुमच्या मनाचं घालता."

"पकडलंत का?" तो हसला. "कुठे घातलं?"

"तो घाबरलाय, असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. डोळ्यांत दिसत होतं की! तुम्हाला नाही दिसलं?"

"मी... खालची अक्षरं वाचत होते."

"मग आता नका वाचू. मागे या, आप्पांच्या पलीकडची खुर्ची रिकामी आहे."

त्याचं नाव समाधान. राहायला देहूरोड, नोकरी चाकणच्या कंपनीत. मी मैत्री, सांगवीत दातांची डॉक्टर.

"म्हणजे दिवसभर लोकांना गप्प बसवता?"

"हो. तुमच्यावरच उपाय चालला नाही."

उत्तरार्धात तो आम्हा दोघांना सांगत होता. दोस्ती, तुरुंगातले लांबच लांब दिवस, कुणी काही केलं तरी न विझणारी आशा... सगळं पाठ असूनही माझ्या अंगावर काटा आला. आणि शेवटाकडे त्याचा आवाज एकदम थांबला.

"काय म्हणाला रं?" आप्पांनी विचारलं. समाधानला बोलवेना. मग मीच वाकून आप्पांना सांगितलं.

बाहेर चहा पिताना मी तुरुंगातून निसटणाऱ्या त्या कैद्याच्या हुशारीचं कौतुक करत होते. आप्पा म्हणाले, "हुशार तर हायच. पण त्याच्याजवळ रोज येऊन बसणारा एक माणूस हुता, पोरी. म्हणून निभावलं त्याचं."

इतक्या वेळा पाहून मला हे सुचलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी दुर्गा टेकडीवर फिरायला जायचं ठरून गेलं. आप्पाही असायचे. समाधान आणि मी एकमेकांना 'तू' कधी म्हणू लागलो, कळलंच नाही.

एका रविवारी आप्पा पुढे फुटाणे घ्यायला गेले, तेव्हा समाधान म्हणाला, "तमिळनाडूत, होसूरला बदली झालीय. दोन वर्षं... पुढच्या आठवड्यात निघायचंय."

"आणि आप्पा?"

"ताई आहे शेजारच्याच गल्लीत. ती बघेल."

"अजून काही सांगायचंय?"

"आहे... पण एवढ्या लांब जाताना कुणाला अडकवून ठेवणं बरं नाही."

"मी अडकतेय हे परस्पर ठरवलंस? मला विचारलंस?"

तो थांबला. वाऱ्याने केस कपाळावर आले होते, तेही त्याने बाजूला केले नाहीत. "मग विचारतो. मैत्री... तू मला खूप आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?"

"करेन. पण इथे वाट बघत बसणार नाही. दिवाळीत तिकडे येणार मी. नंतर तिथेच दवाखाना मिळतो का, तेही बघणार."

"तमिळ येतं?"

"दात सगळीकडे सारखेच दुखतात, समाधान!"

तो मोठ्याने हसला आणि त्याने माझा हात धरला. तेवढ्यात आप्पा आले. मी हात सोडवू पाहिला... त्याने सोडला नाही. आप्पांनी एकवार आमच्याकडे पाहिलं, फुटाण्यांची गरम पुडी माझ्या मोकळ्या हातात ठेवली, आणि दूरच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसले.