पुलीची वाकलेली कड

"माझ्या गाडीत कुणीतरी घातपात केलाय," नर्सबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांचं डावं मनगट पट्टीत होतं आणि समोरची खुर्ची त्यांना दिसतच नव्हती.

ताईंनी त्यांना बसवलं. खासगी तपासाचा धंदा सुरू करण्यापूर्वी ताई विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या, त्यामुळे असली माणसं त्यांच्याकडेच यायची. ताईंचा धाकटा भाऊ निवृत्त झाल्यापासून सावलीसारखा त्यांच्या मागे असे. लोक त्याला बंधुराज म्हणत. आपल्याला तपासातलं थोडंफार कळतं असं त्याला वाटायचं आणि ताई त्याला वाटू देत.

नर्सबाई बोलू लागल्या. डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला त्या सासऱ्यांची जुनी गाडी घेऊन जात. स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपावरची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, तडकली होती, म्हणून गेल्याच आठवड्यात मिस्त्रींनी पट्ट्यासकट नवी बसवली. आणि परवा सकाळी खाणीजवळच्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं.

"मागच्या सीटवर कळा देणारी बाई, दवाखान्यात न्यायची. समोर दरी. दोन्ही हातांनी चाक ओढलं आणि गाडी बांधावर घातली."

"आणि ती बाई?" बंधुराजांनी विचारलं.

"सुखरूप आहे. मुलगी झाली, तिथेच, गाडीत."

"असल्या मनगटानं बाळंतपण केलंत?"

"मनगट दुखतंय हे मागाहून कळलं हो."

ताईंनी विचारलं, "संशय कुणावर?"

"मिस्त्रींनी काम बिघडवलं असेल, नाहीतर..." त्या अडखळल्या. "यजमान बोटीवर नोकरीला. घरात मी, दीर आणि मामंजी. गाडी भंगारात काढा म्हणून दिरांनी धोशा लावलाय. त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहायचं की नाही, हेच मला कळेना झालंय. मामंजींपुढे मात्र यातलं काही काढू नका. त्यांची दृष्टी गेलीय, हृदय नाजूक आहे. गाडी दुरुस्तीला दिलीय, एवढंच त्यांना ठाऊक."

गाडी मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी होती. एवढी मोठी शेड, पण दुसरी गाडी नव्हती.

"बातमी फुटली आणि गिऱ्हाईक तुटलं," मिस्त्री म्हणाले. पट्ट्याची लक्तरं आणि पंपावरून उतरवलेली पुली त्यांनी पुढे ठेवली. गोल पत्र्याची कड एकाच जागी आत वाकली होती. "पुली पंपाच्या दांड्यावर दाबून बसवावी लागते. हातोडी मारली तर पंपाचं वाटोळं होतं. मी पुलरनं जुनी काढली आणि दाबाच्या स्क्रूनं नवी बसवली. ही कड माझ्या हातची नाही."

"बसवल्यावर काही त्रास?"

"नवा पट्टा थोडा सैलावतो. शिट्टी वाजायला लागली की आणा, ताणून देतो, असं सांगितलं होतं. बाई फिरकल्याच नाहीत."

"वाजायची खरी, रोज गाडी सुरू केली की," नर्सबाई म्हणाल्या. "परवा नाही वाजली. म्हटलं, आपोआप बरी झाली."

ताईंनी टॉर्च घेऊन बॉनेटखाली डोकं घातलं. पंप सरकवण्यासाठी ब्रॅकेटला एक लांबट खाच होती. तिच्यातल्या बोल्टच्या मागे पत्र्यावर ताजी रेघ चकाकत होती. बॅटरीवर, पाण्याच्या नळीवर आणि पंखा झाकणाऱ्या पत्र्यावर धुळीत बोटं उमटली होती, थेट पंपापर्यंत.

"मिस्त्रींचीच बोटं," बंधुराज म्हणाले.

"काम झालं की मी इंजिन पुसून देतो," मिस्त्री फणकारले. "ही धूळ नंतरच्या रस्त्याची आहे."

मग ते नर्सबाईंच्या घरी गेले. गॅरेज घराला चिकटून होतं, रस्त्याकडचं दार आतून कडी लावायचं. आत मिट्ट काळोख. बल्ब कधीचा उडाला होता.

"दिवसा गाडी बाहेरच असते, म्हणून राहिलंय," दीर म्हणाला. ताईंनी त्याला सरळच विचारलं, तेव्हा तो तडकला. "हो, भंगारात काढा म्हणतो! वहिनी एकट्या त्या डोंगरात जातात. घरी येईपर्यंत जीव टांगणीला लागतो माझा. पाना कसा धरतात हेसुद्धा मला माहीत नाही आणि वहिनींना वाटतं मी..."

गॅरेजच्या भिंतीपलीकडे सासऱ्यांची खोली होती. आयुष्यभर बस चालवलेला तो माणूस खुर्चीत ताठ बसला होता. ताईंच्या पायाला लागून त्याची काठी पडली. लोखंडी टोकाची दणकट काठी. ताईंनी ती उचलून दिली आणि बोटं रुमालाला पुसली. रुमालावर काळे डाग पडले.

"पाहुणेबाई, आमची गाडी पाहिलीत का?" म्हातारबुवांनी विचारलं. "आता शिट्टी मारत नाही ना?"

"नाही मारत."

म्हातारबुवा मिशीत हसले.

बाहेर आल्यावर बंधुराज हळहळले, "बिचारे! गाडी इथे नाही आणि हे तिच्या शिट्टीची चौकशी करतायत."

"तूच बरोबर ऐकलंस," ताई म्हणाल्या. "फक्त उलटं समजलास."

दुसऱ्या दिवशी सगळे शेडमध्ये जमले. मामंजींना आणायला नर्सबाई तयार नव्हत्या. "तुम्ही नर्स आहात, त्यांच्या शेजारी बसा," ताई म्हणाल्या. "पण न सांगता यातून सुटका नाही. दोन माणसांवर खोटा आळ आहे."

मग त्यांनी सुरुवात केली. "घातपात करणारा पट्टा कापतो, नाहीतर सैल करतो. इथे बोल्ट खाचेत पुढे सरकलाय, म्हणजे कुणीतरी पट्टा ताणलाय. शिट्टी थांबली ती त्यामुळे. ज्यानं हे केलं, त्याला गाडी बिघडवायची नव्हती, नीट करायची होती. मिस्त्रींनी ते शेडमध्ये उघड केलं असतं आणि रात्री गॅरेजचं दार घरातूनच उघडतं. तेव्हा ते सुटले."

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला.

"आता ती बोटं. बॅटरी, नळी, पत्रा, मग पंप. डोळस माणूस इतकं चाचपत जातो का? टॉर्च घेऊन सरळ पंपाला हात घालतो. हा माणूस बोटांनी वाट काढत गेला. बल्ब नसल्याचं त्याला काही अडलं नाही."

दिरानं मान वर केली. नर्सबाईंचा हात सासऱ्यांच्या खांद्यावर गेला.

"पंप ओढून धरायला पहार लागते. त्याच्याजवळ लोखंडी टोकाची काठी होती. तिला अजून पट्ट्याच्या रबराची काजळी आहे. काठी टेकवायची होती पंपाच्या अंगाला, ती टेकली पुलीच्या कडेला. पट्टा छान ताणला गेला, पण कड वाकली. वळणावर तिनं पट्टा खाल्ला. आणि शिट्टी थांबली का, हे अभिमानानं विचारणारा माणूस एकच होता."

"पट्टा खाल्ला?" म्हातारबुवा उठून उभे राहिले. "सूनबाई, काय झालं गाडीला?"

नर्सबाईंनी सगळं सांगितलं. म्हातारबुवा ऐकत गेले तसे खुर्चीत खचत गेले.

"रोज ती शिट्टी ऐकवत नव्हती," ते कसेबसे म्हणाले. "तुला वेळ कुठे असतो? म्हटलं, एवढं तरी करू. मी तुम्हा सगळ्यांना दरीत घालणार होतो, पोरी."

"मामंजी, मला सांगायचं होतंत."

"आणि तू मला सांगायचं होतंस."

नर्सबाई दिराकडे वळल्या. "भाऊजी, माझं चुकलं." तो नुसता मान हलवत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

मिस्त्रींनी नवी पुली दाबाच्या स्क्रूनं सावकाश बसवली. सरळ पट्टी लावून इंजिनाच्या पुलीशी ती एका ओळीत आहे ना ते पाहिलं, पट्टा चढवला, ताणला. मग म्हातारबुवांचा हात धरून पहार कुठे टेकवायची ती जागा त्यांना चाचपून दाखवली. आवाजात राग नव्हता.

चाचणीची फेरी काढायची होती. मनगट अजून बरं नव्हतं, तरी नर्सबाईच चालवायला बसल्या. स्टिअरिंग आता एका बोटानं फिरत होतं. शेजारी सासरे, मागे ताई आणि बंधुराज. खाणीजवळ गाडी मंदावली. बंधुराजांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि पटकन नजर आत घेतली.

"हेच ते वळण," नर्सबाई म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे," म्हातारबुवा म्हणाले. त्यांनी हात पुढे करून चाकाची कड चाचपली. "पट्टा गेल्यावर हे इथे वळवलंस? मागे कळा देणारी बाई असताना?"

"हो, मामंजी."

म्हातारबुवांची बोटं चाकाच्या कडेवरून फिरत राहिली.

"एवढी वर्षं या रस्त्यानं बस नेली," मग ते म्हणाले. "मला नसतं जमलं."